चव्वेचाळीसच्या पुढचं अक्षर

नाना, उद्या चार वाजता ऑफिसात तुमची शोकसभा आहे आणि साहेबांनी मला बोलायला सांगितलंय. "विशाखाबाई, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्यासोबत काम केलं. पाच मिनिटं बोला. चांगलं बोला." चांगलं बोला! चारचौघांत उभी राहून मला बोलता येत नाही, हे तुमच्याशिवाय इथं कुणाला माहीत आहे? म्हणून लिहून काढायलेय. लिहिलेलं निदान वाचता तरी येईल.

जन्म, शिक्षण, किती वर्षं सेवा, मनमिळाऊ स्वभाव, हे बाकीचे सांगतीलच. मनमिळाऊ तर तुम्ही अजिबात नव्हता. तुमच्या टेबलावरचा लाल पेन कुणी न विचारता उचलला, तर दिवसभर फुगून बसायचात. आस्थापना शाखेचे हेडक्लार्क मुंजाजीराव म्हटलं की नवीन पोरं जिना बदलून जायची. मला तर तुमची पहिले सहा महिने भीतीच वाटायची, आणि खरं सांगू, आज अकरा दिवस झाले तुम्हाला जाऊन, अजून वाटते.

ऑफिसात कंप्यूटर आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली केली, खाली गालिचा, वर थंड हवेचं मशीन. बाहेर चपला काढून आत जायचं. तुम्ही पहिल्यांदा आलात ते मफलर गुंडाळून. चपला काढल्या आणि दारातच थांबलात. "नमस्कार बी करायचा का गं बाई ह्याला? का नुसतं उघड्या पायानं भागतंय?" मी ताडकळसची, रोजंदारीवर घेतलेली ऑपरेटर, औरंगाबादला एक कोर्स करून आलेली. हसावं की नाही तेच कळेना. मग तुम्हीच हसलात.

काम असं होतं की जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती सेवापुस्तकांतून काढून कंप्यूटरमध्ये भरायची. सेवापुस्तक म्हणजे नोकरदाराची जन्मपत्रिकाच, असं तुम्ही म्हणायचात. ती सगळी पुस्तकं रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडाच्या रुमालांत बांधलेली. रुमाल उघडायचा तर तुमच्यासमोर, बांधायचा तर तुमच्या हातानं. दोन फेरे, टोक आत, आणि गाठीखाली एक चिठ्ठी: कधी उघडला, कुणी, कशासाठी. मला तेव्हा तो सगळा रिकामा उद्योग वाटायचा.

अक्षर मला तुम्हीच दाखवलंत. जुन्या पुस्तकांत जन्मसाल दोनच आकड्यांत लिहिलेलं, आणि त्याच्या पुढं बारीक लाल शाईत कुठं 'फ', कुठं 'ई'. "फ म्हणजे फसली. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली होतं बाई. त्यात पाचशेनव्वद मिळव, की इसवी निघतं. आमी उर्दूत शिकलो, आमच्या शाळेच्या दाखल्यावर फसलीच. ई म्हणजे इसवी, ते आहे तसंच धरायचं." मग स्वतःचं पुस्तक उघडून दाखवलंत. चव्वेचाळीस फ. तेराशे चव्वेचाळीस फसली, म्हणजे एकोणीसशे चौतीस. "आन् हेच चव्वेचाळीस ई असतं, तर? दहा वर्सांचा फरक पडला. आकडे तेच. म्हणून अक्षर सोडायचं न्हाई."

पण कंप्यूटरमध्ये अक्षराला जागाच नव्हती नाना. तारखेला सहा घरं. दोन दिवसाला, दोन महिन्याला, दोन सालाला. प्रोग्राम घेऊन बाहेरगावचे एकजण आले होते, त्यांना मी विचारलं, अक्षर कुठं टाकू? ते म्हणाले, "अक्षरं नकोत, आकडे टाका." मी आकडे टाकले. तुम्हाला सांगितलं नाही. नव्या माणसानं पहिल्याच महिन्यात कशाला तोंड उघडायचं, असं वाटलं.

पुढल्या वर्षी, त्या सालात निवृत्त होणाऱ्यांची यादी छापून निघाली, त्या दिवशी ऑफिसात सगळे तुम्हाला पेढे मागायले होते. यादीत तुमचं नावच नव्हतं. कंप्यूटरनं तुम्हाला दहा वर्षांनी धाकटं केलं होतं. "बसा की नाना आणखी दहा वर्षं, कोण विचारायलंय!" तुम्ही मात्र ती भोकं पाडलेली लांब यादी घेऊन, चपला काढून, माझ्यापुढं येऊन उभे. "बाई, माझं नाव राहिलं की गं."

मी म्हटलं, राहिलं नाही नाना, मशीनच्या हिशोबानं तुम्ही एकोणीसशे चव्वेचाळीसचे.

"पोलीस अ‍ॅक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, मी चौदा वर्सांचा होतो. आमी आठ दिवस ज्वारीत लपून होतो, मला एक-एक दिवस याद हाय. तुझं मशीन म्हणतंय मी चार वर्सांचा होतो. चार वर्सांच्या लेकराला एवढं याद राहतंय का?" मग आवाज खाली आणून म्हणालात, "फुकटची वर्सं पचत न्हाईत बाई. दुरुस्त कर."

तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. स्वतःच्या दहा वर्षांवर स्वतःच रेघ मारायला आलेला.

आणि ती दुरुस्ती करतानाच मी घाण केली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उद्या सांगायचं आहे, म्हणून आज आधी तुम्हाला सांगते.

साहेबांना सगळ्यांच्या जन्मतारखांची सुधारित यादी चार दिवसांत हवी होती. तुमच्या नोकरीचा शेवटचा आठवडा. नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस, कधी बंद, कधी एस.टी. अर्ध्या वाटेतून माघारी. हे सगळं खरं आहे, पण कारण ते नाही. कारण एवढंच की मला धुळीत बसून एकेक पुस्तक पुन्हा उघडायचा कंटाळा आला. पुस्तकांच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं, कोणती उर्दू छपाईची, कोणती मराठी. मला आठवत होतं की उर्दू पुस्तकात 'फ' असतो. सगळ्यांत नाही, बहुतेकांत. तो 'बहुतेक' मी गिळला. कंप्यूटरला एका ओळीत सांगितलं, उर्दू पुस्तकवाल्या सगळ्यांचं साल दहानं मागं घे. एका मिनिटात झालं. मी खुर्चीत मागं टेकून बसले, मोठं डोकं चालवल्यासारखी.

तुम्ही आलात. यादीखाली प्रमाणपत्र टाइप केलेलं होतं: मूळ सेवापुस्तकांवरून तपासले. खाली दोन सह्या, तुमची आणि माझी. माझी मी आधीच करून ठेवली होती.

"तपासलं का बाई?"

"हो नाना. तपासलं."

तुम्ही सही केलीत. तीस-पस्तीस वर्षं एक ओळ न वाचता सही न करणारा माणूस. माझ्या शब्दावर.

निजामाचं राज्य गेल्यावरही उर्दू छपाईची कोरी पुस्तकं कपाटात पडून होती, आणि ती संपेपर्यंत ऑफिसानं वापरली. वाया कशाला घालवायची? हे मला माहीत नव्हतं. कळणार कुठून, मी उघडलीच नव्हती.

तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन जिंतूरला घरी गेलात. मी सुखात होते. मग मागच्या दिवाळीनंतर सोनपेठच्या ऑफिसातला शिपाई लिंबाजी हातात ऑर्डर घेऊन कंप्यूटरच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्यानं चपला काढल्या नाहीत. आतच आला नाही.

"बाई, शिपायाला साठीपतुर नोकरी. ह्यात लिवलंय मी फेब्रुवारीअखेर साठीचा व्हायलोय."

"मग?"

"माझा थोरला भाऊ छप्पन वर्सांचा हाय. म्हंजी थोरला माझ्याहून चार वर्सानं धाकला झाला. मायीला इचारलं. माय म्हणती, आदी तो झाला, मंग तू. आता माय खोटी का तुमचं कंप्यूटर?"

मी उठून ऑर्डर त्याच्या हातातून घेतली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी आजबी सायकलीवर टपाल नेतो बाई. पन्नाशी हाय माझी. आत्ताच घरी बसून मी करू काय? भिताड बघू का?"

मी तुम्हाला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुम्ही हजर. आपण तिघं रेकॉर्ड रूममध्ये गेलो. सोनपेठचा रुमाल काढला. तुमची गाठ, दोन फेरे, टोक आत. गाठीखाली तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी, पहिल्यांदा माहिती भरली तेव्हाची. त्यानंतरची चिठ्ठी नव्हती. म्हणजे त्यानंतर रुमाल कुणी उघडलाच नव्हता.

तुम्ही चिठ्ठी वाचली. माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. मला वाटलं, आता बोलतील. लिंबाजीसमोर बोलतील. तुम्ही चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "चहा सांग तिघांना."

नाना, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चहानं माझं तोंड अजून पोळतंय.

लिंबाजीचं पुस्तक उर्दू छपाईचं होतं. आत चव्वेचाळीस, आणि पुढं ठळक, लाल, 'ई'. तुमच्याच हातचा. "माय खरी लिंबाजी," तुम्ही म्हणालात. "बस खाली, चहा घे."

साहेबांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं की यादी मूळ पुस्तकांवरून तपासल्याचं प्रमाणपत्र जोडलेलं आहे, सबब एकट्याची नोंद बदलता येणार नाही. प्रमाणपत्र सही करणाऱ्यांनी मागं घेतलं, तरच यादी रद्द होऊन फेरतपासणी होईल. तुम्ही त्याच दिवशी अर्धं पान लिहून दिलंत. ते माझ्याकडंच टाइपाला आलं, म्हणून पाठ आहे. "सदर यादी मी स्वतः न तपासता सही केली. सही माझी, म्हणून चूक माझी." माझं नाव कुठंच नव्हतं. पण सह्या दोन होत्या. तुमची निघाली, माझी राहिली, आणि माझ्या सहीवर ती यादी आजही उभी आहे.

तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की तुझीही काढ. मला वाटतं तुम्ही वाट बघत होता.

मी का काढली नाही? भीती, नाना. माझी कायम होण्याची ऑर्डर येऊ घातली होती. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. बाप अजून दुसऱ्याच्या रानात जातो. आणि त्याहून मोठी भीती दुसरीच. माझ्या हातून चूक झाली, तर ती एकट्या विशाखाची राहणार नाही. जिन्यात, कँटीनमध्ये लगेच म्हणतील, ह्यांना नोकऱ्या दिल्या की असंच व्हायचं. तुमची चूक तुमच्या एकट्याची असते. आमची सगळ्या वस्तीची होते. हे तुम्हाला मी एकदा तरी सांगायला हवं होतं. तुम्हाला कळलं असतं का, माहीत नाही. कदाचित भांडण झालं असतं. झालं असतं तर चाललं असतं.

भांडलो तर आपण कितीदा. त्यानंतरचे तीन महिने तुम्ही आठवड्यातून तीनदा जिंतूरहून यायचात, कुणी बोलावलेलं नसताना, आणि आपण एकेक रुमाल उघडून अक्षरं बघायचो. आपल्या वहीत उतरवायचो, म्हणजे फेरतपासणीचा हुकूम निघाला की तयार असावं. सापडायलेही होते. लिंबाजी एकटा नव्हता. प्रत्येक नवीन 'ई' दिसला की माझा पेन थांबायचा, आणि तुम्ही नुसतं म्हणायचात, "लिही."

तुमचं एकच तुणतुणं. "कागदावर चूक झाली तर एक रेघ मारायची. जुनं वाचता आलं पाहिजे. वर नवं, बाजूला सही. तुझ्या मशीनमधी जुनं जातंय कुठं? कुणी बदललं, ते कुणाला इचारायचं?" मी चिडायचे. मशीनला काय येतं तुमच्या रेघा मारायला, म्हणायचे. तुमचंच खरं होतं. ते कबूल करायचं राहून गेलं.

दुसरं भांडण नावाचं. विद्यापीठाचं नामांतर झालं, वस्तीत निळी रांगोळी पडली, मी पेढे घेऊन आले. तुम्ही पेढा घेतलात आणि म्हणालात, "बघ, जुनं खोडलं न्हाई. जुन्याच्या आदी नवं लिवलं. बाकायदा झालं." मला हसू आलं नाही. मी म्हटलं, ह्या नावापायी किती घरं जळाली, माणसं गेली, आणि तुम्हाला कारकुनी सुचायलीय? नाव म्हणजे तुम्हाला रजिस्टरातली ओळ वाटते का?  तुम्ही पुस्तकातून मान वर न काढता म्हणालात, "ओळ चुकली तर माणूस चुकतंय, ह्येच तर मी बी म्हणायलोय." मी पुढचं पुस्तक ओढलं. मनात होतं, पुढच्या वेळी बोलू. ते बोलणं तीन आठवडे राहिलं, आणि मग एक दिवस तुम्ही आलाच नाहीत. जिंतूरहून निरोपच आला.

डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं जुनंच होतं. असेल. मी मात्र रोज त्या रस्त्याचे खड्डे मोजते. आठवड्यातून तीनदा, जाऊन येऊन, त्या खडखडत्या एस.टी.त, माझ्या एका 'हो' पायी.

दहाव्याला मी जिंतूरला आले होते. लिंबाजी तुमच्या ओट्यावर बसलेला. सोनपेठहून आला होता.  निघताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, नाना गेले. आता माझा जनम कोन सांगंल?" मी म्हटलं, बघू. बघू! 

येत्या सोमवारी नवा कंप्यूटर सुरू होणार. जुन्यातली सगळी माहिती नव्यात ओतायची आहे, आणि ओतणार मीच. नव्यात सालाला चार घरं आहेत. आज जे नुसतं चौतीस आहे ते एकोणीसशे चौतीस होऊन बसेल, आणि जुना कंप्यूटर भंगारात जाईल. लिंबाजीचा महिना संपायला थोडेच दिवस उरलेत. आपली वही अर्धी झालीय. तुमची शेवटची चिठ्ठी पाथरीच्या रुमालाखाली आहे. त्याच्या पुढच्या रुमालांत कोण-कोण बसलंय, मला माहीत नाही. कपाटासमोरून जाताना मी भरभर चालते. वाटतं आतून माणसं हाका मारायलीत, आणि कुणी थोरला, कुणी धाकटा, हे त्यांनाच कळेना झालंय.

काल धीर करून साहेबांकडं गेले. अर्धंच सांगितलं. म्हटलं, फेरतपासणी करून मगच ओतू. साहेब वाईट नाहीत. दार लावून हळू म्हणाले, "हे बघा, मुंजाजीरावांनी चूक आपल्या नावावर घेतलीय. ते गेले. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार? तुमची ऑर्डर ह्याच महिन्यात आहे. कशाला हात घालता?"

माझ्या भल्यासाठीच म्हणाले. मी मान हलवून बाहेरही आले. जिन्यात येईस्तोवर मला जरा बरंच वाटत होतं, हेही लिहून ठेवते. मग रेकॉर्ड रूमवरून जाताना तुमचं रिकामं स्टूल दिसलं आणि मला माझीच किळस आली. तुमचं काय बिघडणार म्हणे! पस्तीस वर्षांत एक अक्षर न सोडलेल्या माणसाच्या नावावर आमच्या ऑफिसातली सगळ्यात मोठी चूक, आणि वरून उद्या मी चांगलं बोलायचं.

म्हणून आज दुपारी माझी सही मागं घेण्याचा अर्ज लिहिला. तुमच्याच अर्ध्या पानाची चाल धरली. यादीच्या ऑफिस कॉपीवर माझ्या सहीवरून एक रेघ मारली. एकच. खालची सही वाचता येतेय. बाजूला नवी सही, तारीख. तो कागद अर्जाला जोडून ह्या पानांच्या मागं टाचणीनं लावलाय. उद्या वाचून झालं की सगळ्यांसमोर साहेबांच्या हातात देणार. त्यांना घ्यावा लागेल. यादी पडेल, सोमवारचं काम थांबेल, आणि लिंबाजी पुढच्या महिन्यातही सायकलीवर टपाल नेईल. माझं काय होईल ते होईल. वस्तीचं नाव घेतील तर घेतील. मी म्हणेन, हे माझं एकटीचं आहे, लाल शाईत लिहून घ्या.

भीती गेलेली नाही. हे लिहितानासुद्धा अक्षर वेडंवाकडं यायलंय. उद्या मी इथपर्यंत पोचेन की मधेच रडेन, की खालचं वाक्य गिळून 'त्यांच्या आत्म्यास शांती लाभो' म्हणून खाली बसेन, तेही सांगता येत नाही. म्हणून ते वाक्य शाईनं लिहून ठेवते. तुम्ही विचारलं होतंत, आणि उत्तर दुरुस्त करायचं राहिलंय.

"तपासलं का बाई?"

नाही नाना. तपासलं नव्हतं.